जीपचे चाक का नाचते?

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जीप ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली आहे, अशी कल्पना करा. रस्ता सरळ आणि कोरडा आहे. जीप मूळच्यापेक्षा चांगली वीतभर उंच केलेली आहे आणि तिची चाकेही मोठी, जाड नक्षीची आहेत. एवढ्यात पुढचे डावे चाक एका लहानशा खड्ड्यातून जाते. खड्डा जेमतेम दोन बोटे खोल आहे. एरवी तो जाणवलाही नसता. पण दुसऱ्याच क्षणी स्टिअरिंगचे चक्र चालकाच्या हातात डावीउजवीकडे हिसके देऊ लागते. पुढची दोन्ही चाके जोराने थरथरतात आणि गाडीचे तोंड हलू लागते. चालक वेग कमी करतो. वेग पन्नासवर येतो, चाळीसवर येतो, तरी थरथर चालूच राहते. वेग पंचवीसच्या खाली गेल्यावर मात्र जीप एकदम शांत होते, जणू काही झालेच नव्हते.

गॅरेजमधले मिस्त्री याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. अभियंते त्याला ‘शिमी’ म्हणतात. १९२० च्या सुमारास अमेरिकेत खांदे थरथरवीत करावयाचा एक नाच फार लोकप्रिय झाला होता. त्या नाचाचे नाव मोटारीच्या चाकाला चिकटले ते कायमचेच.

आता जरा विचार करा. खड्डा तर केव्हाच मागे पडला आणि धक्का क्षणात संपला. मग पुढची शे-दोनशे मीटर ते चाक कोणाच्या जोरावर नाचत होते? त्याला ऊर्जा कोणी पुरवली? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुरुस्तीचा मार्गही आपोआप सापडतो.

जीप उंच का करतात?

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहेत. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून ओढे भरून वाहतात, भातखाचरांच्या कडेच्या वाटांवर चिखल होतो आणि डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर दगडगोटे उघडे पडतात. अशा वाटेवर गाडीचे पोट जमिनीला घासू नये आणि पाणी इंजिनात शिरू नये म्हणून चारही चाकांना शक्ती देणारी, उंच गाडी उपयोगी पडते. अलीकडे तर केवळ हौसेखातर चिखलात गाड्या घालणारेही पुष्कळ आहेत.

गाडी उंच करण्याचे साधे उपाय दोन. एक म्हणजे मोठी चाके बसविणे. दुसरा म्हणजे स्प्रिंगा बदलणे किंवा पाटे ज्या लोखंडी पट्ट्यांनी चौकटीला टांगलेले असतात त्या शॅकल लांब करणे. काम एका दिवसात होते आणि गाडी रुबाबदारही दिसते. पण गाडीचा प्रत्येक भाग दुसऱ्याशी कोनांनी आणि दांड्यांनी बांधलेला असतो. एक अंतर बदलले की अनेक कोन बदलतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

ट्रॉलीचे चाक पाहा

रुग्णालयातली स्ट्रेचरची ट्रॉली किंवा कचेरीतली चाकांची खुर्ची तुम्ही पाहिली असेल. तिचे लहान चाक एका उभ्या खिळ्याभोवती मोकळेपणाने फिरते. मात्र चाक बरोबर खिळ्याखाली नसते, थोडे मागे असते. त्यामुळे ट्रॉली ढकलली की चाक खिळ्याच्या मागे ओढले जाते आणि सरळ होते. दोरीने ओढलेला ठोकळा जसा ओढणाऱ्याच्या मागे येतो, तसाच हा प्रकार.

जीपच्या पुढच्या चाकातही हीच युक्ती आहे. चाक ज्या उभ्या आसाभोवती वळते त्याला किंगपिन म्हणतात. किंगपिन अगदी उभा नसतो. त्याचे वरचे टोक किंचित मागे कललेले असते. हा आस मनाने खाली जमिनीपर्यंत वाढवा. तो जमिनीला टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे टेकेल. म्हणजे टायर आसाच्या मागे ओढला जातो आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ होते. किंगपिनच्या या कलाला कॅस्टर कोन म्हणतात.

जुन्या विलीज जीपमध्ये हा कोन सुमारे ३ अंश असे. तिच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३६ सेंटिमीटर धरू. ३ अंशांची स्पर्शज्या ०.०५२ आहे. म्हणून आस टायरच्या ३६ × ०.०५२, म्हणजे जवळजवळ १.९ सेंटिमीटर पुढे टेकतो. दीड टनाच्या आसपासची गाडी सरळ ठेवण्याच्या कामी ही पाऊण इंच लांबी केवढी महत्त्वाची आहे, हे लक्षात घ्या.

रोग एक नव्हे, दोन

चाकाच्या थरथरीचे दोन प्रकार आहेत. दोन्हींत स्टिअरिंग हलते, पण कारणे निराळी असतात. ती वेगळी ओळखली नाहीत तर पैसे वाया जातात.

पहिला प्रकार असंतुलनाचा. समजा, चिखलातून आल्यावर रिंगच्या आतल्या बाजूला २०० ग्रॅम माती एकाच जागी चिकटून वाळली. ती चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर आहे. चाकाचा परीघ २.३ मीटर असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे सव्वासात फेरे करते. गणित केले तर त्या मातीच्या गोळ्यामुळे चाकावर ८० न्यूटनांहून अधिक बल येते. म्हणजे आठ किलोग्रॅमांच्या वजनाएवढा झटका, आणि तो दर फेऱ्याला एकदा, सेकंदाला सात वेळा! वेग निम्मा केला तर बल एकचतुर्थांश होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता झोपाळा आठवा. झोपाळ्याला स्वतःची अशी एक लय असते. त्या लयीत हलके धक्के दिले तरी झोका मोठा होतो. भलत्या लयीत दिले तर होत नाही. जीपच्या पुढच्या चाकांनाही डावीउजवीकडे हलण्याची स्वतःची लय असते. चाकाच्या फेऱ्यांची लय तिच्याशी जुळली की थरथर वाढते. पदार्थविज्ञानात याला अनुस्पंदन म्हणतात. या प्रकाराची खूण अशी, की थरथर एका ठरावीक वेगाला येते आणि त्याच्या खाली किंवा वर गेले की कमी होते. खड्ड्याची तिला गरज नसते.

दुसरा प्रकार म्हणजे खरी शिमी. तिची सुरुवात धक्क्याने होते, पण नंतर ती स्वतःच स्वतःला चालू ठेवते. ज्या वेगाला ती सुरू झाली त्याच्या बऱ्याच खाली आल्यावरच ती थांबते. आरंभी वर्णन केलेली जीप या दुसऱ्या प्रकारात मोडते.

ऊर्जेचा जमाखर्च

टायर रबराचा आहे आणि त्यात हवा आहे. चाक वाकडे झाले की टायर वळतो, पिळतो आणि जमिनीकडून त्याला आडवे बल मिळते. तेच बल चाकाला सरळ करते. पण हे बल तत्काळ उत्पन्न होत नाही. टायर काही अंतर पुढे घरंगळला की ते पुरते तयार होते, आणि नाहीसे व्हायलाही तसेच काही अंतर लागते. म्हणजे बल नेहमी थोडे उशिरा येते.

या उशिराचा परिणाम पाहा. चाक डावीकडे वळलेले होते. बल त्याला उजवीकडे, मध्याकडे ढकलू लागले. चाक मध्यावर आले. आता बल शून्य व्हायला हवे होते, पण मागचे बल अजून संपलेले नाही. ते चाकाला उजवीकडेच ढकलत राहते. चाक ज्या दिशेला चालले आहे त्याच दिशेला धक्का, म्हणजे झोका देणाऱ्याने नेमक्या वेळी दिलेला धक्काच! चाक उजवीकडे दूर जाते आणि तिकडून परत येताना पुन्हा तेच घडते. प्रत्येक हेलकाव्यात थोडी ऊर्जा जमा होते. ती येते गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतून, म्हणजे अखेर इंजिनातून. खड्ड्याने फक्त काडी ओढली. इंधन गाडीच पुरवीत होती.

मग सगळ्याच गाड्यांची चाके का नाचत नाहीत? कारण जमेबरोबर खर्चही असतो. किंगपिनच्या बेरिंगमध्ये, दांड्यांच्या सांध्यांमध्ये आणि स्टिअरिंगच्या पेटीत घर्षण असते. ते प्रत्येक हेलकाव्यातून ऊर्जा काढून घेते. खर्च जमेहून जास्त असेल तर थरथर विझते. जमा जास्त झाली तर वाढते.

येथे एक मौज आहे. कोरड्या घर्षणाचा खर्च हेलकाव्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हेलकावा दुप्पट झाला तर खर्च दुप्पट, पण जमा चौपट! म्हणून बारीकसारीक थरथर घर्षणात मरून जाते. पण एखाद्या खड्ड्याने हेलकावा एका मर्यादेपलीकडे नेला की जमेची बाजू जड होते आणि नाच सुरू होतो. वेग चाळीसवर आला तरी तो का थांबत नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. हेलकावा मोठा झालेला असतो, म्हणून कमी वेगालाही जमा पुरून उरते.

आणि सांधे ढिले झाले असतील तर? ढिलाईच्या त्या दोन-तीन मिलिमीटरांत चाक जवळजवळ फुकट हलते. खर्च कमी, जमा तशीच. जुन्या गाड्यांत शिमी अधिक का आढळते, याचे हे एक मोठे कारण.

सलग ॲक्सल आणि भोवरा

जुन्या जीपमध्ये आणि १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीमध्ये पुढची दोन चाके एकाच सलग ॲक्सलला जोडलेली होती. २०२३ साली भारतात विक्रीला आलेल्या जिम्नीतही पुढे सलग ॲक्सलच आहे. ही रचना दणकट असते आणि दगडगोट्यांत फार उपयोगी पडते. पण तिच्यात एक चाक उचलले गेले की सगळा ॲक्सल तिरपा होतो आणि दुसरे चाकही कलते.

फिरते चाक हे एका मोठ्या भोवऱ्यासारखे असते. भोवऱ्याला एका बाजूला कलवू गेले की तो त्या दिशेला न जाता काटकोनात वळू पाहतो. ॲक्सल तिरपा झाला की फिरती चाके डावीकडे किंवा उजवीकडे वळू पाहतात, आणि चाके वळली की ॲक्सल पुन्हा तिरपा होऊ पाहतो. वरखाली आणि डावेउजवे असे दोन हेलकावे एकमेकांचे हात धरून नाचू लागतात.

१९२० नंतर मोटारींना कमी दाबाचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हा या त्रासाने अभियंते हैराण झाले. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणारे मॉरिस ओली यांनी दोन्ही चाकांना वेगवेगळे टांगण्याचा आग्रह धरला. १९३४ च्या सुमारास अशा मोटारी बाजारात आल्या आणि प्रवासी मोटारींतून शिमी बरीचशी हटली. २०२० सालच्या महिंद्रा थारमध्येही पुढची चाके अशी स्वतंत्र टांगलेली आहेत.

विमानांनाही हा रोग जडला होता. धावपट्टीवर उतरताना पुढचे चाक थरथरून त्याचा पाय मोडत असे. सोव्हिएत गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश यांनी १९४५ साली या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. पुढे सोव्हिएत अंतराळ संशोधनात मोठा वाटा उचलणारे केल्दिश ते हेच. एका नाचऱ्या चाकाचा प्रश्न किती खोल असू शकतो, हे यावरून दिसेल.

उंच केल्याने काय बिघडते?

आता शॅकलकडे वळू. अनेक जुन्या जीपगाड्यांत पुढच्या पाट्यांची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. समजा, पाटा ९० सेंटिमीटर लांब आहे आणि आपण शॅकल ५ सेंटिमीटर लांब केली. पाट्याचे पुढचे टोक चौकटीपासून ५ सेंटिमीटर खाली गेले. मागचे टोक जागच्या जागी राहिले. ॲक्सल साधारण मध्यावर असल्याने गाडी उचलली गेली फक्त अडीच सेंटिमीटर. पण पाटा किती फिरला? ५ भागिले ९०, म्हणजे ०.०५६. हा कोन ३ अंशांहून थोडा अधिकच भरतो. पाट्याबरोबर ॲक्सल आणि ॲक्सलबरोबर किंगपिनही तेवढाच पुढे कलला.

मूळचा कॅस्टर कोन किती होता? ३ अंश! म्हणजे एक इंच उंचीसाठी आपण चाकाची सरळ होण्याची सगळी प्रवृत्ती घालवून बसलो. अशी गाडी भरकटते आणि चालकाला सारखी सावरावी लागते.

जिम्नीसारख्या गाडीत स्प्रिंग गुंडाळीची असते आणि ॲक्सलला पुढून मागे जाणाऱ्या दांड्यांनी धरलेले असते. तेथेही चौकट वर उचलली की दांड्यांची मागची टोके वर जातात, ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो.

दुसरा बिघाड ड्रॅग लिंकचा. स्टिअरिंगच्या पेटीकडून चाकांकडे जाणारी ही दांडी मूळ गाडीत जवळजवळ आडवी असते. गाडी उंच केली की ती तिरपी होते. मग ॲक्सल वरखाली झाला की दांडी चाकांना आपोआप ढकलते, चालकाने चक्र न फिरवताही!

तिसरा बिघाड मोठ्या चाकांचा. चाकाचे वजन ३० टक्क्यांनी आणि त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर त्याचे फिरण्यातले जडत्व १.३ × १.१ × १.१, म्हणजे सुमारे दीडपटीहून अधिक होते. तेच जुने सांधे आणि तीच जुनी बेरिंगे आता दीडपट दांडग्या भोवऱ्याला धरून ठेवतात. चाके बाहेर काढणारी रिंग बसविली तर किंगपिनपासून टायरचे अंतर वाढते आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका अधिक लांब तरफेने सांध्यांवर येतो.

दुरुस्ती : क्रम महत्त्वाचा

शिमी घालविण्यासाठी एकदम सगळे भाग बदलणे हा उपाय नव्हे. चांगला मिस्त्री चांगल्या वैद्याप्रमाणे आधी तपासतो. स्वस्त आणि सोप्या गोष्टी अगोदर, महाग गोष्टी नंतर. हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावे, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; भक्कम घोड्या लावलेल्या असाव्यात.

पहिली पायरी टायरांची. रिंगेतला चिखल धुऊन काढावा. हवेचा दाब दोन्ही बाजूंना सारखा करावा. चिखलात चालविताना कमी केलेली हवा डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी. चाक उचलून फिरवावे आणि शेजारी खडू स्थिर धरावा. खडू एकाच जागी लागत असेल तर टायर किंवा रिंग वाकडी आहे. मग चाकांचे संतुलन करून घ्यावे. पहिल्या प्रकारचा रोग असेल तर तो येथेच बरा होतो.

दुसरी पायरी सांध्यांची. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावेउजवे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. दांडीचे एक टोक हलते आणि दुसरे उशिरा हलते, असे जेथे जाणवेल तो सांधा गेलेला आहे. टायरॉडची टोके, ड्रॅग लिंक, स्टिअरिंगच्या पेटीचे बोल्ट, शॅकलचे बुश आणि पाटे आवळणारे यू-बोल्ट, सगळे पाहावे. गुंडाळीच्या स्प्रिंगांच्या गाडीत ॲक्सलला आडवे धरणारी पॅनहार्ड दांडी असते. तिचे बुश व भोके यांवर विशेष लक्ष द्यावे.

तिसरी पायरी चाकाची बेरिंगे आणि किंगपिन. चाक उचलून वरखाली धरून हलवावे. हलले तर चाकाच्या किंवा किंगपिनच्या बेरिंगमध्ये ढिलाई आहे. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर ढिलाई नाहीशी झाली, तर दोष चाकाच्या बेरिंगचा. तशीच राहिली, तर किंगपिनचा. किंगपिनची बेरिंगे किती घट्ट आहेत हे मोजण्याची रीत तुम्हांला आवडेल. दांडी सोडवून चाकाचा सांधा मोकळा करतात आणि तानकाट्याने ओढून तो किती बलाला वळू लागतो ते पाहतात. होय, तुमच्या प्रयोगशाळेतलाच तानकाटा! बल कमी भरले तर बेरिंगच्या टोपणाखालची पातळ चकती, म्हणजे शिम, कमी करून घट्टपणा वाढवितात. जमाखर्चाच्या भाषेत, खर्चाची बाजू पुन्हा भक्कम करतात.

चौथी पायरी कोनांची. पुढच्या दोन टायरांमधील अंतर पुढून व मागून मोजतात. पुढचे अंतर किंचित कमी असावे. जुन्या विलीज जीपमध्ये हा फरक एक ते अडीच मिलिमीटर ठेवीत. मग कॅस्टर मोजतात. तो कमी झाला असेल तर ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून ॲक्सल पुन्हा मागे कलवितात. पण पाचर घालताना ॲक्सलमधील दाते असलेली पेटीही फिरते आणि तिच्याकडे येणाऱ्या फिरत्या दांड्याचा कोन बदलतो, हे विसरू नये. शिवाय कॅस्टर अवाजवी वाढविणेही बरे नव्हे. फार जोराने मध्याकडे येणारे चाक मध्य ओलांडून पलीकडे जाते आणि शिमीला मदतच होते.

डँपर म्हणजे औषध नव्हे

बाजारात स्टिअरिंग डँपर नावाची नळी मिळते. तिच्यात तेल असते. चाक जोराने हलू लागले की तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि ऊर्जा उष्णतेत जाते. हा खर्च वाढविण्याचा सोपा मार्ग. डँपर बसविला की थरथर पुष्कळदा त्याच दिवशी थांबते. मालक खूश, मिस्त्रीही खूश!

पण ताप उतरविण्याची गोळी घेतली म्हणून हिवताप बरा होत नाही. डँपरच्या मागे टायरॉडचे टोक झिजतच राहते आणि थरथर बंद झाल्याने त्याची सूचना मात्र मिळेनाशी होते. एके दिवशी ते टोक निखळले तर चाक आणि स्टिअरिंग यांचा संबंधच तुटतो. बोरघाटाच्या वळणावर हे घडले तर काय होईल, ते सांगायला नको. सगळे सांधे आणि कोन ठीक केल्यावर, अखेरची काळजी म्हणून डँपर असावा. पहिला उपाय म्हणून नव्हे.

गाडी चालत असताना शिमी सुरू झालीच तर काय करावे? चक्र दोन्ही हातांनी धरावे, पण त्याच्याशी झुंज घेऊ नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग हळूहळू उतरू द्यावा, ब्रेक एकदम दाबू नये. गाडी कडेला थांबवावी आणि तपासल्यावाचून पुन्हा वेगाने नेऊ नये.

आणखी दोन गोष्टी. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच होतो. दोन चाकांतील अंतर १२४ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर स्थिर उभी गाडी गणिताप्रमाणे सुमारे ४४ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर नेला तर ४० अंशांवरच. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबत असल्याने ती याच्याही आधी उलटते. दुसरे असे, की मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील कारखानदाराच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली आहे. हा नियम का आहे, हे वर केलेल्या गणितांवरून तुम्हीच सांगू शकाल.

करून पाहा

१. जुन्या खुर्चीचे सुटे चाक मिळवा. त्याचा खिळा एका लाकडी दांड्यात बसवून दांडा उभा धरा आणि गुळगुळीत फरशीवर चाक भरभर ढकला. दांडा पुढे, मागे कलवून पाहा. केव्हा चाक थरथरते? आता खिळ्यावर जाड ग्रीस भरा. फरक पडला का? का पडला?

२. सायकलचे सुटे चाक आसाच्या दोन्ही टोकांना धरून उभे राहा आणि मित्राला ते जोराने फिरवायला सांगा. आता एक हात वर आणि दुसरा खाली करा. चाक कोणत्या बाजूला वळू पाहते? उलट्या दिशेला फिरवून पुन्हा करा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा.

३. कर्जत स्थानकावर बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. तेथे उभ्या असलेल्या डब्याचे चाक सुरक्षित अंतरावरून, फलाटावर राहूनच न्याहाळा. त्याचा घेर आतल्या बाजूला किंचित मोठा असतो. या उतारामुळे चाके रुळांवर आपोआप मध्याकडे येतात आणि वेग फार वाढला तर डावीउजवीकडे नागमोडी हलूही लागतात. १८८३ साली क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने या हेलकाव्याचे गणित मांडले. रेल्वेचे चाक आणि जीपचे चाक यांच्या थरथरीत कोणते साम्य आहे आणि कोणता भेद आहे? दोघांच्या जमाखर्चाचा तक्ता मांडा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.